एका पेटीवादकाची तीन वर्षं: साथीवर चाललेलं घर आणि नंतरचा हिशेब

प्रकरण पुण्यातल्या एका संवादिनीवादकाचं आहे. वय ३४, विशारद, बारा वर्षं शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या साथीत. नोकरी नाही, कुठल्या संस्थेचा पगार नाही. पत्नीची अर्धवेळ नोकरी, एक मुलगी, भाड्याचं घर. घरखर्चातला त्याचा वाटा महिन्याला ३३,००० रुपये. व्यक्ती प्रातिनिधिक आहे आणि तिची मिळकत, फी, विद्यार्थीसंख्या हे आकडे हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून धरले आहेत. कायदा, कर आणि प्लॅटफॉर्मच्या अटी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

पहिल्या वर्षाची वही अशी:

साथीचे ५८ कार्यक्रम: २,८३,०००
घरच्या शिकवण्या, ११ विद्यार्थी: १,३२,०००
कथक वर्गात लेहरा (ताल धरायला पुन्हा पुन्हा वाजवायची छोटी सुरावट), महिन्याला ८,००० प्रमाणे ११ महिने: ८८,०००
स्टुडिओतली ९ कामं: २७,०००
एकूण: ५,३०,०००

प्रवास, ट्यूनिंग, दुरुस्ती असे ६२,००० वजा केले की ४,६८,००० उरतात, म्हणजे महिन्याला ३९,०००. वरवर पाहता घर चालतंय. खरं दुखणं दोन ठिकाणी आहे आणि वार्षिक बेरजेत ते दिसत नाही.

पहिलं दुखणं हंगामाचं. ५८ पैकी ३१ कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत झाले. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट यांनी आणखी काही दिले. जून-जुलैत एखाददुसरी अभंगवाणी सोडली तर फोन वाजत नाही. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे शिकवणीलाही गळती. त्या दोन महिन्यांत मिळून ४८,००० आले आणि घराला ६६,००० लागले. पितृपक्षातही तीच गत.

दुसरं दुखणं जास्त खोल. ५८ पैकी ३४ कार्यक्रम एकाच ज्येष्ठ गायिकेबरोबरचे होते, सरासरी ५,५०० रुपयांनी, म्हणजे १,८७,०००. एकूण मिळकतीच्या ३५ टक्के. पण वहीत प्रत्येक कामापुढे 'कोणामार्फत आलं' हा रकाना वाढवला, तेव्हा उरलेल्या २४ पैकी १३ कार्यक्रम त्याच गायिकेच्या शिष्यांकडून, तबलजींकडून किंवा तिच्या नेहमीच्या आयोजकांकडून आलेले निघाले. तेही धरले तर ४५ टक्के. हा रकाना प्रत्येक साथीदाराने आजच सुरू करावा. पैसे कोणी दिले यापेक्षा नाव कोणी सुचवलं, ही माहिती जास्त कामाची असते.

दुसऱ्या वर्षी गायिकेची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ३४ कार्यक्रमांचे ६ झाले. १,५४,००० रुपये गेले. यात कोणाचाच दोष नाही. अशा वेळी बहुतेक जण मिळेल ते काम घ्यायला लागतात: लग्नातली संगीतसंध्या, मॉलमधला कार्यक्रम, कराओके ट्रॅकवरची साथ. त्यानेही चार-पाच घेतली. पैसे बरे मिळाले, पण त्यातून पुढचं काम एकही आलं नाही. शास्त्रीय संगीताचे आयोजक तिथे फिरकत नाहीत आणि तिथले आयोजक दर वेळी नवा चेहरा शोधतात. एक महिना तगायला हे ठीक, त्यापुढे नाही.

मानधन ठरवण्याची रीत

सगळ्यात आधी बदलली ती ही रीत, कारण तिला पैसे लागत नाहीत. साथीदाराची बिदागी बऱ्याचदा आयोजक ठरवत नाहीत. ते मुख्य कलाकाराला एकगठ्ठा रक्कम देतात आणि साथीदाराला कार्यक्रमानंतर पाकीट मिळतं. पाकिटात किती आहे हे घरी गेल्यावर कळतं. आता तो कार्यक्रम स्वीकारताना एक संदेश पाठवतो:

"नमस्कार. १४ डिसेंबर, सायंकाळी ६, नाशिक. मानधन ७,०००. प्रवास, राहणं, जेवण आपल्याकडे. पेटी मी आणेन, पट्टी काळी चार. दुपारी ३ला पोहोचेन, साउंड चेक ४.३०. निम्मी रक्कम आता; कार्यक्रम ७ दिवसांच्या आत रद्द झाल्यास ती परत होणार नाही. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं असल्यास आधी बोलू. 'मान्य' एवढं उत्तर द्यावं, ही विनंती."

'घरचाच कार्यक्रम आहे' हे उत्तर येतंच. त्यावर त्याचा नियम असा की घरच्या कार्यक्रमाचं मानधन कमी करायचं, संदेश मात्र सगळ्यांना तोच पाठवायचा. वर्षाला असे चार कार्यक्रम, पाचव्याला नाही.

एकगठ्ठा रकमेत आणखी एक गोची आहे. आयोजक संस्था व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापते. समजा ६०,००० वर ६,००० कापले. ते मुख्य कलाकाराच्या पॅनवर जमा होतात. कलाकार साथीदाराला ५,००० ऐवजी ४,५०० देतो, कारण 'टॅक्स कापलाय'. ते ५०० साथीदाराच्या नावावर कुठेच नसतात, त्यामुळे त्याला परतावा मागता येत नाही. उपाय साधा आहे: आयोजकांना सुरुवातीलाच प्रत्येक साथीदाराचं वेगळं बिल आणि पॅन द्यायचा आणि दर तिमाहीला आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनपुढे नोंद आली का ते बघायचं. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. त्यामुळे एवढ्या मिळकतीच्या कलाकाराचा कापलेला टीडीएस सहसा परत मिळतो, अर्थात विवरणपत्र भरलं तरच.

जीएसटीची भीती मात्र उगाच बाळगली जाते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. शिवाय शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर ते करमुक्त आहे आणि व्यक्तीने दिलेलं कलेचं शिक्षणही करमुक्त आहे. सुगम संगीत किंवा जाहिरातीचं स्टुडिओकाम या सवलतीत बसत नाही. २० लाखांची बेरीज करताना करमुक्त कामंही धरायची असतात, एवढं लक्षात ठेवावं.

शिकवणी

११ विद्यार्थी, महिना १,२००, आले तर पैसे. ही घडी मोडून तिमाही ५,४०० आगाऊ केले. दोन विद्यार्थी सोडून गेले, नऊ राहिले. वर्षाला १,३२,००० चे १,९४,४०० झाले. आगाऊ फीचा खरा फायदा रकमेपेक्षा जूनमध्ये दिसतो, कारण एप्रिल-जूनची फी एप्रिलमध्येच आलेली असते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारे विद्यार्थी तिमाहीला नाखूश नसतात. कुरकुर करतात ते हौशी प्रौढ. त्यांच्यासाठी आठ भेटींचं कार्ड ठेवलं, मुदत तीन महिने.

परदेशातले विद्यार्थी ही मोठी भर ठरली, पण ती बसवताना दोनदा फिसकटली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी सकाळी ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ५.३० आणि त्यांची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की ६.३०. शनिवार संध्याकाळ साडेसहा! नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नेमकी मैफलीची वेळ. पहिल्या हंगामात पाच आठवड्यांत तीन तास रद्द झाले आणि एक विद्यार्थी गेला. आता वेळ रविवारी सकाळी ७ ची आहे, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ किंवा साडेआठ. लहान मुलांना ती उशिराची होते, म्हणून तो फक्त प्रौढ आणि मोठी मुलं घेतो. सहा विद्यार्थी, महिना ४,०००, वर्षाचे दहा महिने: २,४०,०००.

दुसरी अडचण आवाजाची होती. झूमसारखी साधनं बोलण्यासाठी बनवलेली आहेत. पेटीचा लांबवलेला स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. विद्यार्थ्याला ऐकू येतं ते तुटक काहीतरी. झूममधली 'ओरिजिनल साउंड' ही सोय दोन्ही बाजूंनी चालू करावी लागते, हेडफोन लावावा लागतो आणि फोन पेटीवर न ठेवता फूटभर लांब ठेवावा लागतो. आवाज पोहोचायला उशीर होत असल्याने बरोबरीने वाजवणं अशक्य, म्हणून सगळं शिक्षण 'मी वाजवतो, मग तू वाजव' असंच. विद्यार्थ्याने आठवड्याचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आधी पाठवायचं हा नियम केल्यावर पाऊण तास पुरू लागला. पैसे आणताना मध्यस्थाचं शुल्क आणि विनिमय दरातली कपात दोन्ही जातात, म्हणून तीन महिन्यांची फी एकदम घेणं सोयीचं.

लेहऱ्याचा संच

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय हाच, असं आम्हाला वाटतं, कारण तो जवळच्याच कामातून निघाला. कथक वर्गात तो आठवड्याला सहा तास लेहरा धरत होता. तबल्याच्या विद्यार्थ्यांना घरी रियाजाला लेहरा हवा असतो. अ‍ॅप आहेत, पण त्यांतला स्वर यांत्रिक वाटतो, तालही ठरावीक, धमार किंवा पंचमसवारी शोधायला गेलं तर निवड तुटपुंजी. त्याने स्वतः बांधलेले लेहरे घेतले: तीनताल, झपताल, रूपक, एकताल, धमार, पंचमसवारी. मिनिटाला ६०, ९०, १४० आणि २२० मात्रा अशा चार लयी. पांढरी एक, काळी एक आणि काळी चार या तीन पट्ट्या, म्हणजे 'सा'च्या तीन उंच्या. सहा गुणिले चार गुणिले तीन, ७२ फाइली, प्रत्येकी सहा मिनिटं.

आधी पांढरी एकमध्ये २४ वाजवून बाकीच्या सॉफ्टवेअरने चढवायच्या असं ठरलं होतं. अर्ध्या स्वराने चढवलेली काळी एक चालून गेली. आठ अर्धस्वर चढवलेली काळी चार मात्र पिपाणीसारखी झाली, कारण रीडचा, म्हणजे पेटीतल्या स्वराच्या पातीचा, पोतही बरोबर चढतो. त्या २४ पुन्हा वाजवल्या. दुसरी अडचण जोडाची. चार आवर्तनं वाजवून तीच फिरवत ठेवली तर दर समेला भात्याचा श्वास त्याच जागी ऐकू येतो आणि दहा मिनिटांत डोकं उठतं. म्हणून सहा मिनिटं सलग. तिसरी अडचण हवामानाची. पावसाळ्यात सुरू केलेलं ध्वनिमुद्रण दसऱ्यानंतर पुढे नेलं तर दोन्ही भागांचा सूर किंचित वेगळा येतो. सगळं दोन आठवड्यांत उरकलं, रोज सुरुवातीला ट्यूनरवर षड्ज तपासून.

माइक दोन, पेटीपासून दीड फुटावर. अगदी जवळ धरला की पट्ट्यांची खटखट येते, लांब धरला की खोली येते. पंखा बंद, खिडक्यांवर गोधड्या.

संचाची किंमत ९०० रुपये. पहिल्या पूर्ण वर्षात ७४ गेले, ६६,६०० रुपये. त्यांतले बहुतेक तबल्याच्या शिक्षकांकडून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, इन्स्टाग्रामवरून अगदी थोडे. शिक्षकांना संच मोफत दिला होता. फायली एकमेकांना पाठवल्या जातातच, त्यावर त्याने वेळ घालवला नाही. ज्यांना नवे ताल हवेत ते पुन्हा येतात.

याच्या अगदी उलट गत नवशिक्यांच्या व्हिडिओ कोर्सची झाली. २२ धडे, तीन महिने, संकलनाचा खर्च वेगळा, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ग्राहक. पेटीचे पहिले दहा धडे इंटरनेटवर फुकट आणि चांगले मिळतात. तिथे नवा माणूस काय वेगळं विकणार?

स्वतंत्र वादन आणि हक्क

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल होऊ लागली. एवढी वर्षं दाराबाहेर ठेवलेल्या वाद्याला स्वतंत्र वादनाचं व्यासपीठ आजही साथीइतकं सहज मिळत नाही. तरी त्याने नाट्यपदांचा आठ पदांचा अल्बम केला. निवड करताना त्याने आवडीबरोबर मृत्यूची सालंही तपासली. आपल्याकडे संगीतरचनेवर रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. 'मानापमान'च्या (१९११) चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते स्वतः पेटीवादक, निधन १९५५. त्या चाली २०१६ पासून मुक्त आहेत. नाट्यपदांचे दुसरे रचनाकार भास्करबुवा बखले तर १९२२ मध्येच गेले. पण 'कट्यार काळजात घुसली'च्या चालींचे जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत परवानगी लागणार. पेटीवर शब्द नसतात, त्यामुळे फक्त चालीचा हक्क बघावा लागतो. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा मात्र उचलायचा नाही, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

खर्च: दोन दिवस स्टुडिओ १६,०००, तबला १२,०००, मिक्सिंग-मास्टरिंग १५,०००, मुखपृष्ठ ४,०००, गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारा वितरक २,०००. एकूण ४९,०००. पहिल्या वर्षी ३८,००० वेळा ऐकला गेला, हाती आले ३,१००. २०२४ पासून स्पॉटिफाय मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रॉयल्टी देत नाही. आठपैकी तीनच पदांनी ती रेषा ओलांडली. अल्बमकडे उत्पन्न म्हणून बघितलं तर हा शुद्ध तोटा. परदेशातल्या सहापैकी चार विद्यार्थी मात्र तो ऐकून आले.

दोन चुका इथे सर्रास होतात. वितरकाच्या फॉर्मवर 'कंटेंट आयडी' (यूट्यूबवर आपला आवाज ओळखून हक्काचा दावा करणारी यंत्रणा) चालू केला आणि मागे तानपुऱ्याचं तेच अ‍ॅप वाजत असेल जे शेकडो लोक वापरतात, तर यंत्रणा एकमेकांच्या मैफलींवर दावे ठोकत बसते. तानपुरा हाताने छेडलेला घ्यावा, नाहीतर ती सोय बंद ठेवावी. दुसरी चूक घाईची. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी लागतं. वितरकाला लागणारा वेळ धरून चार आठवडे हातात ठेवावेत.

स्वतःच्या लेहऱ्यांचा रचनाकार म्हणून आयपीआरएस या रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं आणि वादक म्हणून इसामरा या गायक-वादकांच्या हक्कांच्या संस्थेकडे नोंद केली. त्यातून लगेच काही येत नाही. दुसऱ्यांच्या अल्बममध्ये साथ करताना मात्र एक कागद वाचूनच सही करायची. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देणं लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं, आणि कलम ३९अ मुळे हे सादरकर्त्यांनाही लागू होतं. म्हणूनच छापील करारात 'कायमस्वरूपी, जगभर' ही ओळ आधीच घातलेली असते. ती खोडून '१० वर्षं' लिहिलं तर काही निर्माते तयार होतात. जे होत नाहीत त्यांच्याकडे एकदाच मिळणारी रक्कम वाढवून मागायची.

वाद्य, शरीर, गंगाजळी

मुख्य स्केल चेंजर (पट्टी बदलता येणारी) पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून वर्गात नेल्याने स्क्रू ढिले होत आणि रीड हलत. दुसऱ्या वर्षी ३८,००० ची जुनी साधी पेटी घेतली, ती कथक वर्गातच ठेवली. ट्यूनिंगचा खर्च तिथेच कमी झाला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. पेटीत सिलिकाच्या पुड्या आणि दर चार दिवसांनी अर्धा तास भाता मारणं एवढं केलं तरी बरंचसं टळतं. विमानात खोक्यासह पेटी १५ किलोच्या घरात जाते, म्हणजे देशांतर्गत तिकिटातली सामानाची सगळी मुभा तिनेच खाल्ली. जादा सामानाचे पैसे आयोजकांना पाठवायच्या संदेशात आधीच लिहावेत.

हंगामातल्या प्रत्येक बिदागीतले ३० टक्के वेगळ्या खात्यात. लक्ष्य एक लाख, तीन महिन्यांचा घरखर्च. एका हंगामात ४५,००० च्या आसपासच साठतात, म्हणजे दोन हंगाम लागतात. आरोग्य आणि अपघात विम्याचे २४,००० खर्चात धरले आहेत.

तिसऱ्या वर्षाची वही:

साथीचे ४४ कार्यक्रम, सरासरी ६,५००: २,८६,०००
घरच्या शिकवण्या: १,९४,४००
परदेशी विद्यार्थी: २,४०,०००
कथक वर्ग, ९,००० प्रमाणे ११ महिने: ९९,०००
लेहऱ्याचे संच: ६६,६००
स्टुडिओ, ६ कामं: २७,०००
स्ट्रीमिंग: ४,०००
एकूण: ९,१७,०००

खर्च १,३४,०००. उरले ७,८३,०००, महिन्याला सव्वापासष्ट हजार. साथीचा वाटा ५३ टक्क्यांवरून ३१ वर आला, पण साथीची रक्कम तेवढीच राहिली, कार्यक्रम १४ कमी करूनही. कुठल्याही एका गायकाकडून आता साथीच्या मिळकतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त येत नाही.

याची किंमत रियाजात मोजली गेली. रोजचे अडीच तास सव्वा तासावर आले. साथीदाराचा हात उतरला की ते सगळ्यात आधी गायकाला कळतं आणि तो तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. शिकवण्या आणखी वाढवल्या तर वहीतली साथीची ओळ घसरेल, म्हणून नवे विद्यार्थी घेणं सध्या बंद आहे. कथक वर्गातला एक दिवस त्याचा ज्येष्ठ विद्यार्थी सांभाळतो, त्या दिवसाच्या मोबदल्यातला ६० टक्के वाटा त्या विद्यार्थ्याला.

आता समोर सहा आठवड्यांचा अमेरिका दौरा आहे, मेच्या मध्यापासून, १२ कार्यक्रम, प्रत्येकी २०० डॉलर. काळ चांगला आहे, नाहीतरी जून कोरडाच जातो. पण पी-३ या कलाकारांसाठीच्या व्हिसाचा अर्ज तिथल्या प्रायोजकाने करायचा असतो आणि सशुल्क कार्यशाळा घ्यायच्या असतील तर त्या अर्जातल्या कार्यक्रमपत्रिकेतच असाव्या लागतात, तिथे गेल्यावर ठरवून चालत नाही. त्याने आयोजकांना विचारलं आहे: अर्जाचा आणि व्हिसाचा खर्च कोणाचा, तिथल्या आरोग्य विम्याचा हप्ता कोणाचा, पेटी तिथे मिळणार की इथून न्यायची, आणि १२ पैकी किती कार्यक्रमांची रक्कम निघण्याआधी जमा होईल. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आली आहेत.